गिटार पाहावी घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. विजेवर वाजणारी गिटार त्यांच्या काळी नव्हती. असती तर त्यांनी या म्हणीत तिसरा चरण खास घातला असता. घर बांधणाऱ्याला जितके सल्लागार भेटतात, त्याच्या दुप्पट गिटार घेणाऱ्याला भेटतात. आणि लग्नात जसे सगळे पाहून होते, पण मुलामुलीने एकमेकांशी चार शब्द बोलायचे तेवढे राहून जाते, तसेच इथेही. रंग पाहून होतो, आकार पाहून होतो, नाव आणि किंमत पाहून होते. वाद्य वाजवून बघायचे तेवढे राहून जाते.

मला हा अनुभव दोनदा आला. पहिल्या वेळी मी फसलो. फसलो म्हणण्यापेक्षा, एका तिसऱ्याच माणसाला फसवून बसलो. म्हणून हा लेख.

आमच्या घरी दसऱ्याला सतारीची पूजा होते. मी कुणी उस्ताद नव्हे. बँकेत छत्तीस वर्षे खर्डेघाशी केली आणि संध्याकाळी सतार छेडली, इतकेच. गेल्या दसऱ्याला सतारीला फूल वाहत होतो, तोच आमची सोळा वर्षांची नात मागून म्हणाली,

"आबा, पुढच्या दसऱ्याला इथे माझीही गिटार ठेवायची हं!"

"कसली गिटार?"

"इलेक्ट्रिक. मला मेटल वाजवायचंय."

"मेटल म्हणजे भांडीच ना गं?" आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले.

सगळे हसले. एक मात्र हसला नाही. आमचे चिरंजीव, म्हणजे नातीचे वडील, हातातल्या वर्तमानपत्राची घडी करून गॅलरीत जाऊन उभे राहिले. ते का हसले नाहीत, हे घरात फक्त मला ठाऊक होते.

तांबडी गिटार

गोष्ट १९९१ सालची. चिरंजीव तेव्हा सोळा वर्षांचे होते. धोबीतलावच्या रंगभवनात त्या काळी रॉकचे जलसे होत. मित्रांबरोबर हे तिथे जाऊन येत आणि दोन दिवस कानांत दडे बसल्यासारखे हिंडत. एके दिवशी धीर करून त्यांनी माझ्याजवळ विजेवरची गिटार मागितली.

आता माझी स्वतःची सतार मी कशी घेतली होती, ते सांगतो. मिरजेला चार खेपा घातल्या. कारागिराच्या ओट्यावर बसून भोपळा पाहिला, दांडी पाहिली, जवारी दोनदा उतरवून पुन्हा काढून घेतली. आणि चिरंजीवांची गिटार? ती मी कचेरीतून घरी येता येता, वीस मिनिटांत घेतली. दुकानात टांगलेली होती, तांबडीलाल होती आणि स्वस्त होती. मुलाला बरोबर नेले नाही. त्याला काय कळते, असे मनात म्हटले. मला तरी काय कळत होते, हा प्रश्न मनात आला नाही.

पोराने तीन महिने त्या गिटारीशी झटापट केली. तारा दांडीपासून इतक्या उंच की दाबताना बोटांना घट्टे पडत. सूर लावावा आणि दोन पडदे वर जावे तो बेसूर. शेजारचे हसत. आणि एका रात्री जेवता जेवता, सर्वांच्या देखत, मी बोलून गेलो, "तुला सूरच कळत नाही. नाद सोड." सतारवादकाचा तोरा होता तो. त्या दिवाळीला गिटार माळ्यावर गेली. पुन्हा घरात तिचे नाव निघाले नाही.

नातीने गिटार मागितली तेव्हा मनाशी ठरवले की, या खेपेला आधी शिकायचे आणि मग खिशात हात घालायचा.

आधी आवाज, मग वाद्य

कोणतेही वाद्य घ्यायचे तर त्यावर काय वाजवायचे आहे ते आधी ऐकावे. नातीने माझ्या कानांना हेडफोन लावले. पहिली पाच मिनिटे खडी फोडण्याच्या यंत्राजवळ उभा आहे असे वाटले. पण सतारवाल्याचा कान मोठा लोचट असतो. तो गोंगाटातही सूर हुडकत बसतो. थोड्या वेळाने मला त्या गर्जनेत ओळखीचे काही ऐकू आले. षड्ज आणि पंचम!

"अगं, हे लोक नुसते सा-प वाजवताहेत की!"

"त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, आबा."

शाळेत ती साध्या लाकडी गिटारीवर दोन वर्षे शिकत होती. तिने दोन बोटे ठेवून दाखवले. हार्ड रॉक आणि हेवी मेटलचा पाया हाच. सा आणि प. मध्ये गंधार नाही. का नाही, याचे कारण मोठे गमतीचे आहे. या संगीतात ध्वनिवर्धकाला पेलेल त्याहून अधिक जोराचा संदेश मुद्दाम दिला जातो. मग ध्वनिलाटेच्या माथ्याला वर जायला जागाच उरत नाही. तो कापला जातो. अशा माथा कापलेल्या लाटेत मूळ सुराचे वरचे उपस्वर भरमसाट उमटतात. दोन सूर एकदम दिले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी नवे सूर निघतात. षड्ज-पंचमाचे नाते दोनास तीन. तिनातून दोन गेले, उरला एक. म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज! वाजवणाऱ्याने दोन तारा छेडल्या आणि खर्ज फुकटात मिळाला. गिटारीच्या पडद्यांवरचा पंचम जवळजवळ शुद्ध असतो, पण गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो. साध्या आवाजात ते खपून जाते. या कापाकापीत मात्र तो चढेपणा दसपट होऊन चिखल होतो. म्हणून गंधाराला रजा.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा कानशीने अशा बेताने घासतो की तारेने त्याला निसटते चाटत राहावे. त्या स्पर्शाने तारेतले वरचे स्वर जागे होतात आणि तंबोरा बोलू लागतो. गुळगुळीत, नितळ सूर आम्हालाही नकोच असतो. आम्ही ती भरड हस्तिदंताने किंवा हाडाने आणली, त्यांनी विजेने आणली. मात्र मुळात तंबोरा सुरात नसेल तर जवारी काय करणार? तीच गत गिटारीची. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कारखान्यातले बोट

गिटार घेणारा बहुतेक जण विचारतो, "अमुक वादक कोणती वाजवतो?" आणि तीच मागतो. नातीनेही भिंतीवर चित्र लावले होते. मी तिला म्हटले, "बाळ, त्यांनी ती का घेतली ते आधी सांग." तिने मला जी हकिगत सांगितली ती मी मागाहून वाचून पाहिली, आणि ती खरीच आहे.

इंग्लंडात बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा एक डावखुरा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. डावखुऱ्याचा उजवा हात म्हणजे पडदे दाबणारा हात. सगळे संपले असेच त्याला वाटले. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. जँगोची दोन बोटे आगीत भाजून जायबंदी झालेली, आणि तरीही तो युरोपातला नामांकित गिटारवादक. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या. पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून सबंध गिटारच दीड सूर खाली उतरवली. तो उतरलेला, जड, काळोखा आवाज म्हणजेच त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या संचाचा आवाज, आणि हेवी मेटलचा उगम पुष्कळ लोक तिथेच मानतात.

त्याची गिब्सन एसजी ही गिटार जगप्रसिद्ध आहे. ती त्याने निवडली का? पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याच्या हातात फेन्डर स्ट्रॅटोकास्टर होती. ऐन वेळी तिचा पिकअप बिघडला, म्हणून जोडीला आणलेली एसजी त्याने उचलली. हा ध्वनिमुद्रिकासंच १९७० साली निघाला आणि एसजी अमर झाली! उलट, 'डीप पर्पल'च्या रिची ब्लॅकमोरने तीच स्ट्रॅटोकास्टर घेऊन हार्ड रॉक गाजवला. मतलब काय, तर या माणसांनी आपल्या हाताला साजेल ते वाद्य पत्करले. त्यांचा हात आपल्याला नाही. आपण त्यांची गिटार घेऊन काय करणार?

दुकानाची पायरी

धोबीतलावच्या बाजूला वाद्ये दुरुस्त करणारे एक वृद्ध गोवेकर गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मिरजेच्या माझ्या कारागिराचीच जात. बोलणे कमी, कान तिखट. त्यांना गाठून मी हेतू सांगितला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वाजवणार कोण?" मी नातीकडे बोट केले. "मग तुम्ही गप्प बसा," ते म्हणाले. चौतीस वर्षांपूर्वी हे मला कुणी सांगायला हवे होते.

दुकानात शिरताच नातीने बाणाच्या टोकासारखी एक काळी गिटार उचलली. हा आकार गिब्सन कंपनीने १९५८ साली 'फ्लाइंग व्ही' म्हणून प्रथम काढला. तेव्हा तो फारसा कुणी घेतला नाही. पुढे मेटलवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतले. नात स्टुलावर बसली आणि गिटार मांडीवरून घसरली. सावरली, पुन्हा घसरली. मास्तर म्हणाले, "व्यासपीठावर उभं राहून झकास. पण रियाज बसून होतो." या आकाराला मांडीत अडकवून धरण्याची एक बैठक आहे, पण पलंगाच्या काठावर तास तास बसणाऱ्या पोरीला ती जाचणारी. नातीने निमूटपणे ती जागेवर ठेवली.

मग लेस पॉल धर्तीची एक जाडजूड गिटार. आवाज भारदस्त, पण वजन चार किलोंच्या वर. पट्टा खांद्याला लावून दहा मिनिटे उभी राहिली आणि पोरगी मान चोळू लागली. तीही गेली.

तिसरी स्ट्रॅटोकास्टर धर्तीची. हलकी, अंगाला बिलगणारी. परंतु नातीच्या पसंतीचा खडबडीत आवाज लावताच, तार छेडण्याआधीच ती गुणगुणू लागली. मास्तरांनी वर ट्यूबलाइटकडे बोट दाखवले. तारांखाली जो लोहचुंबकाचा आणि वेटोळ्याचा ठोकळा असतो तो पिकअप. पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात वीज निपजते, आणि तीच पुढे मोठी होऊन ऐकू येते. पण वेटोळ्याला तारेखेरीज घरातल्या विजेची पन्नास आवर्तनांची घरघरही ऐकू येते, आणि मेटलसाठी आवाज शंभरपट फुगवला की घरघरही शंभरपट फुगते.

यावरचा उपाय सेथ लव्हर नावाच्या एका अभियंत्याने अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावी, गिब्सनच्या कारखान्यात १९५५ साली शोधला. एकाऐवजी दोन वेटोळी घ्यायची. दोन्हींचे वेढे उलटसुलट आणि चुंबकाची टोकेही उलटसुलट. बाहेरची घरघर दोन्हींत शिरते, पण एकीत सुलट आणि दुसरीत उलट. परस्पर वजा होऊन जाते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटच राहतो, आणि बेरीज होते. घरघरीला मारणारा म्हणून नाव पडले हंबकर. त्याचा आवाज जाड, दमदार. मेटलसाठी, निदान घोडीजवळ, हंबकर असावा असे बहुतेक जाणते सांगतात, त्याचे इंगित हेच. काही पिकअपांत नऊ व्होल्टची बॅटरी घालून आवाज आणखी आवळून घेतात. 'मेटालिका'च्या वादकांनी तसले पिकअप गाजवले. चांगलेच असतात ते. पण वायर गिटारीत खोचून ठेवली की बॅटरी झिजत राहते. सुरुवातीला ती यातायात नको, असे मास्तरांचे मत पडले.

चौथ्या गिटारीला एक दांडा होता. तो दाबला की सगळे सूर विमान कोसळल्यासारखे खाली जात आणि सोडला की जागेवर येत. फ्लॉइड रोझ नावाच्या माणसाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही घोडी काढली. तारा दोन्ही टोकांना पेचाने जखडलेल्या आणि घोडी स्प्रिंगांच्या ताणावर तरंगती. नातीचे डोळे चमकले. "आता यातली एक तार उतरवून दाखव," मास्तर म्हणाले. तिने उतरवली, तो उरलेल्या पाचही चढल्या! एका तारेचा ताण कमी झाला की स्प्रिंग घोडीला मागे ओढते. एक तार तुटली तर सगळी गिटार बेसूर. सतारीच्या अठरा-वीस तारा लावता लावता आयुष्य गेलेल्या मला घामच फुटला. ज्याला तो दांडा हवाच आहे त्याने ही विद्या जरूर शिकावी. पण रोज स्वर बदलून पाहणाऱ्या नवशिक्याला स्थिर घोडीच बरी.

वीज बंद करा

शेवटी दोन गिटारी उरल्या. दोन्ही साध्या, शिंगांच्या, दोन हंबकरांच्या, स्थिर घोडीच्या. नात ध्वनिवर्धकाकडे वळली, तेव्हा मास्तरांनी वायर काढून घेतली. "आधी वीज बंद," ते म्हणाले. "त्या आवाजाखाली सगळे दोष झाकतात. मुक्यानं वाजव." या सबंध खटाटोपात मी शिकलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट ती हीच.

मग त्यांनी परीक्षा घेतली, ती क्रमाने देतो. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून दांडीची कड पाहावी. ती जवळजवळ सरळ असावी, पिळवटलेली नसावी. किंचित बाक असेल तर दांडीतली पोलादी सळई फिरवून काढता येतो. पीळ निघत नाही. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. कुठे सूर मेला किंवा भिरभिरला तर तो पडदा उंच-सखल आहे. पडद्यांच्या कडांवरून हात फिरवावा. खरचटला तर सोडून द्यावी. तार बोटाने ताणून सोडावी, सूर जागेवर येतो का पाहावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट लावून निघणारा मोकळा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर, हे दोन्ही तंतोतंत एक आले पाहिजेत. बारावा पडदा म्हणजे तारेचा मध्य. घोडी जागेवर असेल तरच हे जुळते. थोडा फरक घोडीचे पेच फिरवून घालवता येतो. मोठा असेल तर ती गिटार जन्मात सुरात वाजणार नाही.

लांबीचीही एक गोष्ट आहे. फेन्डर धर्तीच्या गिटारींत तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सन धर्तीत पाऊण इंच कमी. लांब तारेला त्याच सुरासाठी ताण अधिक लागतो, म्हणून तार खाली उतरवली तरी ती लोळत नाही. आखूड तार बोटांना मऊ लागते. नातीला खालचे सूर हवे होते, बोटेही लांब आहेत. तिने लांब तारेची घेतली. सात-आठ तारांच्या आणि सत्तावीस इंची गिटारीही निघाल्या आहेत, पण सहा तारांशी आधी ओळख व्हावी. लाकडावरून मोठे वाद झडतात. ऐकावेत आणि सोडून द्यावेत. भरीव गिटारीत पिकअप, तारा आणि ध्वनिवर्धक यांचा वाटा मोठा, लाकडाचा लहान.

रंग? तिला मिळाला तो तपकिरी. काळा तिला हवा होता, पण काळीच्या सातव्या पडद्यावर सूर मरत होता. सोळा वर्षांच्या पोरीने रंग सोडून सूर घेतला. मला पंचेचाळिसाव्या वर्षी ते जमले नव्हते.

पैसे आणि पाऊस

आम्ही तीस हजार रुपये बाजूला काढले होते. सगळे गिटारीवर घालायचा माझा विचार मास्तरांनी हाणून पाडला. विजेची गिटार हे अर्धे वाद्य आहे. उरलेले अर्धे म्हणजे ध्वनिवर्धक. गर्जना होते ती त्यातच. अठरा हजार गिटारीला, आठ हजार लहानशा ध्वनिवर्धकाला, आणि उरलेल्या चार हजारांत वायर, पट्टा, सूर लावायचे यंत्र, जादा तारा आणि मास्तरांची मजुरी. पैसे देण्याआधी दुकानातल्या कपाटाएवढ्या ध्वनिवर्धकावर नव्हे, तर आपण घेणार त्याच लहानग्यावर गिटार वाजवून घेतली. त्याला हेडफोन लागतात, हेही पाहून घेतले. चाळीत नाही तरी आम्ही बैठ्या भिंतींच्या जुन्या इमारतीत राहतो. शेजारधर्म सांभाळला पाहिजे.

मुंबईच्या पावसाळ्यात तारा गंजतात आणि दांडी फुगून बाकते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात, आणि पाऊस सरल्यावर एकदा जाणत्याकडून दांडी तपासून घ्यावी.

शिंपिणीची टेप

या पावसाळ्यात माळा गळू लागला, म्हणून वरचे सामान खाली काढले. त्यात ती तांबडी गिटार निघाली. तारा गंजून गेलेल्या, रंग तेवढा शाबूत. नात म्हणाली, "आबा, ही कुणाची?" मी उत्तर दिले नाही. सौभाग्यवतींच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि मास्तरांनी शिकवले होते तसे माप घेतले. दांडीच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत ३२४ मिलिमीटर. बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत ३१३. पुन्हा मोजले. ३१३. घोडीचे पेच जातील तेवढे मागे नेले, तरी सात मिलिमीटर कमीच. कारखान्यात घोडी चुकीच्या जागी ठोकली होती. त्या गिटारीवर पडद्यागणिक सूर चढत जाणार. जगातला कोणताही वादक तिच्यावर सुरात वाजवू शकला नसता.

पोराला सूर कळत होता. कळत होता म्हणूनच ते बेसूर त्याला सहन होत नव्हते. आणि मी, ज्याला सूर कळतो असा लौकिक, त्याने एकदाही ती गिटार हातात घेऊन पाहिली नव्हती.

रात्री जेवणे झाल्यावर मी चिरंजीवांपुढे गिटार आणि टेप ठेवली. म्हटले, "दोष हिचा होता. आणि माझा. तुझा नव्हता."

त्यांनी टेप घेतली. स्वतः मोजले. मग पुन्हा एकदा मोजले. "अकरा मिलिमीटर," एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बाबा, २००७ साली मी कंपनीच्या कामासाठी बंगलोरला गेलो होतो ना, ते काम नव्हतं. आयर्न मेडनचा जलसा होता. पॅलेस ग्राउंडवर. तुम्हांला सांगितलं नाही." मी काय बोलणार? टेप गुंडाळून डब्यात ठेवली.

यंदाच्या दसऱ्याला पाटावर सतार होती आणि शेजारी तपकिरी गिटार. पूजा झाली. नातीने गिटार उचलून, वीज न लावताच, दोन-चार सूर छेडले. चिरंजीव गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. तिथूनच म्हणाले, "जाडी तार उतरलीय बघ तुझी. एक सूर."

"उतरली नाही रे बाबा, मीच उतरवलीय! ड्रॉप डी म्हणतात याला," नात हसून म्हणाली. मग थबकली. "पण तुला तिथून कळलं कसं?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. मी सतारीवरचे फूल सारखे करण्यात गुंतलो होतो. पूर्वी एकदा जेवणाच्या पानावर जे बोलायला नको होते ते बोलून बसलो होतो. आता गप्प राहण्याची पाळी माझी होती. वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. चिरंजीव आत आले, पाटाजवळ मांडी घालून बसले आणि मुलीला म्हणाले, "आण बघू इकडे."